मदत हवी आहे: सार्वजनिक मैदानाच्या वेळा लेखी आणि न्याय्य पद्धतीने कशा ठरवून घ्याव्यात?

नमस्कार.

कोल्हापूरच्या एका उपनगरात मी गेली सहा वर्षे आठवी ते बारावीच्या मुलींना विनामूल्य फुटबॉल शिकवते. सध्या 34 मुली नियमित सरावाला येतात. त्यांना घराजवळच्या सार्वजनिक मैदानावर आठवड्यातून तीन दिवस ठरलेली वेळ मिळावी, एवढीच आमची मागणी आहे. ती कोणत्या नियमाच्या आधारे आणि कोणत्या शब्दांत मांडावी, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मैदान कोणते आणि ते कोणाच्या अखत्यारीत येते, हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नसून पद्धत बदलून घ्यायची आहे.

आज मैदानाचे वाटप असे काही होतच नाही. जो संघ पूर्वीपासून येतो, त्याची ती वेळ, असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. सकाळी मोठ्यांचा क्रिकेटचा सराव असतो, संध्याकाळी दोन फुटबॉल संघ आलटून पालटून येतात आणि रविवारी स्पर्धा असतात. यांपैकी कोणाकडेही लेखी परवानगी नाही. रखवालदाराच्या खोलीत एक वही आहे, पण तिच्यात केवळ स्पर्धांच्या तारखा लिहिलेल्या आहेत. रोजच्या सरावाची एकही नोंद नाही. आम्ही दोन वेळा अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. प्रत्यक्ष भेटल्यावर "दुपारी दोन ते चार मैदान मोकळेच असते, तेव्हा या की," असे सांगण्यात आले.

या दुपारच्या वेळेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण अडचणीचे मूळ तिथेच आहे. मुलींची शाळा पाच वाजता सुटते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि या मैदानावर प्रकाशझोत नाहीत. म्हणजे ऐन हंगामात शाळकरी मुलांच्या उपयोगाचा, उजेडाचा असा एकच तास उरतो आणि नेमका तोच तास मोठ्यांच्या ताब्यात असतो. त्यांच्यातील बरेच जण नोकरी-धंदा सांभाळून येतात, त्यांनाही दुसरी वेळ सोयीची नाही, हे मला मान्य आहे. परंतु आठवड्यात मैदान किती तास मोकळे असते, एवढेच मोजले तर कागदावर सर्वांना भरपूर वेळ दिसतो. कोणता तास कोणाला वापरता येतो, हे मोजले की खरे चित्र समोर येते.

सध्या आमचा सराव गोलपोस्टच्या मागच्या पट्टीत चालतो. तिथे एका बाजूला दुचाकी लावलेल्या असतात आणि दुसऱ्या बाजूला गटार आहे. गेल्या महिन्यात शनिवारी शाळा सकाळची असल्याने मुली तीन वाजताच आल्या, त्यांनी स्वतः दोरी धरून फक्की मारली, पेनल्टी क्षेत्रसुद्धा आखले. साडेचारला मोठ्यांचा संघ आला आणि त्यांचा सराव त्याच रेषांवर सुरू झाला. कोणी अपशब्द वापरला नाही, कोणी ढकलले नाही. मुलींनी शंकू उचलले आणि त्या पट्टीत गेल्या. एकीने मला विचारले, "मॅडम, आपण आधी आलो होतो ना?" या प्रश्नाचे उत्तर देता येईल असा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

आपल्या शहराला खेळाचे अप्रूप सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान उभारले, पेठापेठांतील तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही जोपासला आणि 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तालमींचे हे ऋण मी मानते. मैदानावर येणारे दोन्ही संघही याच परंपरेतले आहेत, म्हणून त्यांना बाजूला सारून आम्हाला जागा द्या, असे मी म्हणणार नाही. खासगी टर्फचा पर्यायही काहींनी सुचवला, पण तासाचे भाडे देणे आमच्या बहुतेक मुलींच्या पालकांना शक्य नाही, आणि सार्वजनिक मैदान असताना ते त्यांनी का द्यावे, हाही प्रश्न आहेच.

वाचनातून एवढे समजले की राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा हा नागरी स्थानिक संस्थांचा विषय म्हणून नमूद आहे. बाहेरच्या देशांत याच्या पुढचे पाऊल पडले आहे. कॅलिफोर्नियात 2004 मध्ये झालेल्या कायद्याने शहरांच्या युवा क्रीडा उपक्रमांत आणि त्यासाठीच्या मैदानांच्या वाटपात मुलींशी भेदभाव करण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात 1 जुलै 2024 पासून, क्रीडा सुविधांसाठी राज्याचा निधी हवा असेल तर स्थानिक परिषदेकडे महिला आणि मुलींना समान संधी देणारे मैदान-वापराचे धोरण असावे लागते. निधी आणि धोरण यांची ही सांगड मला फार महत्त्वाची वाटते, कारण नुसत्या सदिच्छेवर वेळापत्रक बदलत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. रोजच्या सरावाच्या वाटपाचा लेखी नियम आहे की नाही, हे अधिकृतपणे कसे विचारावे? नियम नसेल तर तो करण्याची मागणी कोणत्या स्वरूपात द्यावी? आणि आपल्यापैकी कोणी दुसऱ्या शहरात असे वेळापत्रक करून घेतले असेल, तर जुन्या संघांशी बोलणी कशी केली?

प्रतिसाद

ताई, मी एका नगरपालिकेत बरीच वर्षे लिपिक होतो, त्यामुळे कागदाच्या बाजूचे सांगतो. प्रथम माहिती अधिकाराचा अर्ज द्या. शुल्क 10 रुपये आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार विनंती साधारणपणे 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयापुरती असावी लागते, म्हणून वर लिहिलेली हकिगत त्यात घालू नका. "नियम का नाही" असेही विचारू नका, कारण कारणे विचारली की अर्ज परत येण्याची शक्यता वाढते. मैदान वापराच्या नियमांची प्रत, मागील तीन वर्षांत दिलेल्या परवानग्यांची यादी आणि वसूल झालेल्या भाड्याचा तपशील, एवढेच मागा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढील 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. "अभिलेख उपलब्ध नाही" असे उत्तर आले तरी निराश होऊ नका. नियमच अस्तित्वात नाही, याचा तो लेखी पुरावा ठरतो आणि धोरणाची मागणी करताना तोच जोडायचा असतो.

मात्र अर्ज देण्यापूर्वी दोन्ही संघांच्या प्रमुखांना भेटून या. मैदानावरचे लोक आधी एकत्र आले आणि कार्यालयाकडे केवळ शिक्का मागायला गेले, तर काम लवकर होते, असा माझा अनुभव आहे.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे एका संघाच्या कर्णधारांना काल भेटले. त्यांची धाकटी बहीण शाळेत असताना धावायची, नंतर सराव सुटला, असे ते स्वतःहून म्हणाले. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी पाच ते सहा अर्धे मैदान मुलींना द्यायला ते तयार आहेत. पूर्ण मैदानाची रुंदी साधारण 60 मीटर आहे, त्यामुळे अर्ध्या भागात आडवे गोल लावले तर सात-सात जणींचा सामना व्यवस्थित होतो आणि उरलेल्या अर्ध्या भागात त्यांचा पासिंगचा सराव चालू शकतो. दुसऱ्या संघाचे प्रमुख अजून राजी नाहीत. मुलींचे चेंडू मध्ये येतील, ही त्यांची शंका आहे आणि ती रास्त आहे, म्हणून मधोमध जाळी बांधण्याचा खर्च पालक विभागून घेतील, असे मी त्यांना कळवले आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी देत आहे. त्यासोबत संयुक्त निवेदनाचा मसुदाही करते आहे. ठरलेल्या वेळा फलकावर लावाव्यात, दर सहा महिन्यांनी त्यांचा फेरविचार व्हावा आणि सलग तीन वेळा न आलेल्या गटाची वेळ दुसऱ्याला द्यावी, ही अट आमच्यासह सर्वांना लागू असावी, असे त्यात लिहिले आहे. परीक्षेच्या काळात मात्र मुली येऊ शकत नाहीत, आणि याच अटीमुळे मार्चमध्ये आमचीच वेळ जाईल, अशी भीती वाटते. या अपवादाची वाक्यरचना कशी करावी, हे कोणी सुचवू शकेल का?