जिप्सीच्या एसीचे पाइप : जोड गळत नाहीत, तरी गॅस जातो कोठे?

जुनीजिप्सी (सोलापूर)

नमस्कार. माझ्या 2004 सालच्या जिप्सीला मुळात एसी नव्हता. हार्डटॉप चढवल्यापासून दुपारी आत बसणे अशक्य झाले, म्हणून भंगारात निघालेल्या एस्टीमचा कंप्रेसर, रेडिएटरसमोर मावेल असा कंडेन्सर आणि डॅशबोर्डखाली अडकवायचे कूलिंग कॉइलचे युनिट जमवले. कंप्रेसरचे ब्रॅकेट अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत करून घेतले आणि ते उत्तम बसले. अडचण पाइपांची आहे. कोणत्याही गाडीचे तयार पाइप लांबीला पुरेनात, तेव्हा जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक होज दाबून देणाऱ्या एका दुकानातून तिन्ही पाइप करून घेतले. ‘हा पाइप दोनशे बारला फुटत नाही, तुमच्या एसीचे काय घेऊन बसलात,’ असे दुकानदार म्हणाले आणि मलाही ते पटले.

फेब्रुवारीत आर-134ए गॅस भरला. एप्रिलअखेर थंडावा निम्म्यावर आला आणि मे महिन्यात कंप्रेसरचा क्लच लागेनासा झाला. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासला, पण बुडबुडा नाही की तेलाचा डाग नाही. मेकॅनिकच्या मते कॉइल गळत होती. ती काढून, हवा भरून पाण्यात बुडवली, तर तीही ठीक निघाली. मग गॅस जातो कोठे? सगळे पाइप तांब्याचेच करून घ्यावेत काय?

थंडगार

प्रथम कंप्रेसरच्या शाफ्टचे सील इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरने तपासून घ्या, कारण भंगारातल्या कंप्रेसरचा भरवसा नसतो. तरीही आपल्या वर्णनावरून माझा संशय पाइपांवरच आहे. गॅस जोडांतून नव्हे, तर पाइपाच्या अंगातून जात असावा.

दुकानदारांनी सांगितलेला दोनशे बारचा आकडा खरा असला तरी येथे गैरलागू आहे. चव्वेचाळीस अंशांच्या दुपारीही आपल्या एसीच्या उच्च दाबाच्या बाजूला साधारण 18 ते 20 बार असतात, त्यामुळे पाइप फुटण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न झिरपण्याचा आहे. हायड्रॉलिक होजचे आतले रबर तेल अडवण्यासाठी केलेले असते आणि 134एचे लहान रेणू त्यातून हळूहळू बाहेर पडतात. आपल्याकडची चादर कितीही जाड असली तरी तिच्यातून वारा जातो, आणि प्लॅस्टिकचा पातळ कागद मात्र तो अडवतो; तसेच हे आहे. एसीसाठी जो बॅरियर होज मिळतो, त्याच्या रबरात नायलॉनचा एक पातळ थर असतो आणि सगळे काम तोच थर करतो. होजवर ‘एसएई जे2064’ असे (एसी होजचे मानक) छापलेले आहे ना, हे पाहूनच घ्यावा. गॅस ज्या वाटेने बाहेर जातो त्याच वाटेने बाष्प आत येते, आणि ते ड्रायर (बाष्प शोषणारी डबी) व कंप्रेसरचे तेल दोन्ही खराब करते.

मापे म्हणाल तर आतला व्यास लिक्विड पाइपाचा (कंडेन्सर ते कॉइल) 8 मिमी, डिस्चार्जचा (कंप्रेसर ते कंडेन्सर) 10 आणि सक्शनचा (कॉइल ते कंप्रेसर) 13 मिमी ठेवावा. सक्शनमधून कमी दाबाची, म्हणजेच फुगलेली वाफ कंप्रेसरकडे परत येते, म्हणून तो पाइप जाड लागतो. तेथे बारीक पाइप घातला तर कंप्रेसर चालेल, पण थंडावा येणार नाही.

एक विचारतो: जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आहे काय? ओ-रिंगच्या (रबरी कड्याच्या) जोडात आटे गॅस अडवत नाहीत, ते काम ओ-रिंगचे असते, आणि टेपमुळे नट नीट बसत नाही. ओ-रिंग एचएनबीआर रबराची घ्यावी. हिरवा रंग दिसला म्हणजे तीच असे समजू नये.

होटगीरोडकर

मी जुन्या जीपला हेच केले आहे, म्हणून तांब्याबद्दल लिहितो. कंप्रेसर इंजिनावर असतो आणि कंडेन्सर बॉडीवर. गाडी सुरू-बंद करताना इंजिन किती हेलकावते ते बॉनेट उघडून एकदा पाहा. तांबे ते हेलकावे सोसत नाही, कडक होत जाते आणि फ्लेअरपाशी (जोडासाठी पसरवलेल्या टोकापाशी) तडकते. माझा पाइप सांगोल्याच्या रस्त्यावर तडकला आणि सगळा गॅस एका मिनिटात गेला. कंप्रेसरला लागणारे दोन्ही पाइप होजचेच हवेत, तेही थोडी ढील ठेवून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून दूर. कंडेन्सर ते कॉइल हा बॉडीला धरून जाणारा पाइप धातूचा चालेल; मात्र त्याला दर हातभर अंतरावर रबर घालून क्लिप लावावी.

माझी दुसरी चूक अधिक महाग पडली. मी लांबी मोजून दिली आणि दोन्ही टोके दुकानातच दाबून आणली. एक टोक 90 अंशांचे, दुसरे 45 चे. गाडीवर लावू लागलो तेव्हा दोन्ही एकमेकांना तिरकी होती आणि पाइपाला पीळ दिल्याशिवाय नट धरेना. पाइप वाया गेला. आता मी टोके गाडीवर नुसती घट्ट करतो, होज कापून त्यांत सरकवतो, तो आपोआप कसा पडतो ते पाहतो आणि मग फेरूल (होजवर दाबून बसवायची धातूची नळी) व होज या दोन्हींवर पांढऱ्या मार्करने एक सलग रेघ ओढतो. काढून नेल्यावर ती रेघ जुळवूनच दाबून घ्यायचे.

जुनीजिप्सी

टेप गुंडाळली आहे, हे कबूल करतो. सोमवारी तिन्ही पाइप काढतो. नवे बसवल्यावर तपासणीसाठी टायरच्या दुकानातली हवा भरली तर चालेल काय?

थंडगार

चालणार नाही, त्या हवेत पाणी असते. कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून 10 बारपर्यंत भरावा. नायट्रोजन नाही म्हणून वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कोणी सुचवला तर कृपया ऐकू नका; दाबाखालचा ऑक्सिजन आणि कंप्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो. रात्रभर ठेवल्यावर काटा अर्ध्या बारने खाली दिसला तर घाबरू नये. दुपारी 41 अंशांत भरलेला वायू पहाटे 27 अंशांत तेवढा आकसतोच. दुपारी तो पुन्हा पूर्वीच्या आकड्यावर आला, तर पाइप पक्के.

त्यानंतर नवा ड्रायर शेवटच्या क्षणी टोपणे काढून बसवावा आणि पाऊण तास व्हॅक्यूम घ्यावा, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढावी. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मीटरचा काटा (पाऱ्याच्या) 30 इंचांवर कधीच जाणार नाही, 28 च्या थोडा पुढे थांबेल. त्यासाठी पंपाला दोष देऊ नये. पंप बंद करून काटा अर्धा तास तेथेच राहतो की नाही, हे महत्त्वाचे.

आपली जुळणी निरनिराळ्या गाड्यांची असल्याने गॅस किती भरायचा ते कोठेही लिहिलेले सापडणार नाही. वजनकाट्यावर मोजून 400 ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि मग पन्नास-पन्नास ग्रॅम वाढवावा. थंडावा वाढायचा थांबला आणि नुसता दाब चढू लागला, की तेथेच थांबावे.

जुनीजिप्सी

आभारी आहे. हायड्रॉलिक पाइपाची टोके काढून नव्या होजला वापरता येतील काय? ती जवळजवळ नवीच आहेत.

होटगीरोडकर

नाही. बॅरियर होजच्या टोकांचे खाचे वेगळे असतात आणि एकदा दाबलेले फेरूल पुन्हा दाबता येत नाही. होज घ्याल तेथूनच टोके घ्या, आणि दाबणाऱ्याकडे त्या मापाची डाय (दाबायचा साचा) आहे का ते आधी फोन करून विचारा.