संस्थांसाठी मोफत मेल-वेबसाइट सेवा चालवतोय, माणसं दोनच उरलीत, काय ठेवू आणि काय सोडू?

बिनतारी:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आम्ही काही जण मिळून छोट्या सामाजिक संस्थांना इंटरनेटच्या सोयी मोफत देतो. म्हणजे वेबसाइट होस्टिंग, संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर (वेबसाइटच्या नावावर) मेल, सभासदांसाठी मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्यांना जाणारी) आणि कागदपत्रं ठेवायला एक नेक्स्टक्लाऊड. सुरुवातीला माणसं भरपूर होती, मग कुणाची नोकरी बदलली, कुणाला लहान मूल झालं, आता रोजचं काम बघणारे दोघंच उरलोय आणि दोघांनाही दिवसभर ऑफिस असतं. संस्था मात्र वाढत गेल्या कारण नाही म्हणवत नाही, कुणी दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करतं, कुणी रक्तदात्यांची यादी सांभाळतं, एक गट घरात मारहाण होणाऱ्या बायकांना मदत करतो, त्यांना काय म्हणून परत पाठवायचं?

सगळ्यात जास्त वेळ मेल खातंय. लिस्टवरची मेल निम्म्या लोकांच्या स्पॅममधे जातात, काही तर परतच येतात, आणि मग रात्री फोन की आमचं सभेचं पत्र कुणालाच मिळालं नाही. दुसरं म्हणजे बऱ्याच संस्थांचे डोमेन त्या त्या वेळच्या कार्यकर्त्याच्या नावावर घेतलेत, त्यातले काही लोक आता संस्थेत नाहीतच.

ओळखीतले लोक म्हणतात बंद करा, मोठ्या कंपन्या संस्थांना फुकट देतात की सगळं. पण मला ते पटत नाही, त्या मारहाणीच्या केसेस बघणाऱ्या गटाचा विश्वास आमच्यावर आहे, अडचण आली की ओळखीचा माणूस फोन उचलतो हे त्यांना फार मोठं वाटतं. तर ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी सांगा, काय ठेवावं, काय सोडावं, आणि नवीन माणसं कुठून आणावीत?

टपालपेटी:

आधी मेलचं बोलतो कारण तुमचा वेळ तिथे जातोय आणि त्याचं कारण बहुतेक तुमच्या सर्व्हरमधे नाही, बाहेरचे नियम बदललेत त्यात आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचं याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सगळ्यांनाच लागतं, सर्व्हरच्या आयपीला म्हणजे नेटवरच्या नंबरला रिव्हर्स डीएनएस (नंबरावरून नाव सांगणारी नोंद) पाहिजे, आणि जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही, शिवाय बातमीपत्रासारख्या मेलवर एका क्लिकमधे नाव काढायची सोय. स्पॅम म्हणून तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलंच पाहिजे. आता तुम्ही म्हणाल आमच्या संस्था कुठे ५,००० मेल पाठवतात, पण इथे एक गोम आहे, जीमेल मूळ डोमेन धरून मोजतं. संस्थांना तुम्ही तुमच्याच डोमेनखाली सबडोमेन दिले असतील तर सगळ्यांची बेरीज एकत्र होते. आणि एकदा मोठ्या पाठवणाऱ्यांत मोजले गेलात की नंतर मेल कमी झाले तरी बाहेर येता येत नाही. म्हणून प्रत्येक संस्थेला तिचं स्वतःचं डोमेन घ्यायला लावा, लहानातली लहान संस्था असली तरी.

लिस्टचं दुखणं वेगळं आहे. २०१४ मधे याहूने डीमार्कची रिजेक्ट पॉलिसी (जुळलं नाही तर मेल नाकारा) लावली तेव्हापासून जगभरच्या मेलिंग लिस्टा यात अडकतायत. कुणी याहूवरून लिस्टला मेल लिहिलं की ते पुढे जाताना तुमच्या सर्व्हरवरून जातं, पण फ्रॉममधे नाव याहूचं, मग समोरचा सर्व्हर म्हणतो हा खोटारडेपणा आहे आणि परत पाठवतो. मेलमॅनमधे (लिस्ट चालवायचं सॉफ्टवेअर) यासाठी सेटिंग आहे, फ्रॉममधे लिस्टचा पत्ता टाकायचा आणि मूळ लिहिणाऱ्याचा रिप्लाय-टू मधे. ते लावलंय का बघा. आणि मेलमॅन २ वर असाल तर तीनवर जायची तयारी करा, दोन नंबर पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि त्या भाषेचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपलाय.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संस्थेच्या पत्त्यावर आलेलं मेल सचिवांच्या खाजगी जीमेलवर फॉरवर्ड होत असेल तर ते बंद करा. फॉरवर्ड झाल्यावर एसपीएफ तुटतं, आणि संस्थेला आलेला सगळा कचरा तुमच्या आयपीवरून जीमेलला जातो म्हणजे जीमेलच्या नजरेत स्पॅम पाठवणारे तुम्ही. त्याऐवजी फोनमधे मेलचं अ‍ॅप लावून आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) थेट तुमचा मेलबॉक्स जोडून द्या, एकदा बसून लावून दिलं की काम होतं.

कार्यकर्ती:

मी दुसऱ्या बाजूची आहे, आमची संस्था अशाच एका स्वयंसेवी सेवेवर आहे, म्हणून थोडं लिहिते. आम्हाला चोवीस तास सेवा नकोय हो. आम्हाला फक्त आधी कळायला हवं. रविवारी सकाळी सर्व्हर बंद राहणार आहे एवढा एक मेसेज गुरुवारी आला तर आम्ही आमचं काम पुढेमागे करतो. कळलंच नाही तर मात्र अध्यक्ष मला विचारतात आणि मी तुम्हाला रात्री फोन करते.

दुसरं असं की आमच्याकडे पदाधिकारी बदलतात, नवीन सचिव येतात, जुन्या सचिवांना पासवर्ड आठवत नाही किंवा ते नाराज होऊन गेलेले असतात. हे प्रत्येक संस्थेत होतं. मग सेवा चालवणाऱ्याला कोणाला पासवर्ड द्यायचा हा प्रश्न पडतो, आणि संस्थेत दोन गट असतील तर फारच अवघड होतं. आमच्या सेवेने एक नियम केलाय, संस्थेने दोन अधिकृत माणसांची नावं लेखी द्यायची, बदल करायचा तर कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत द्यायची. सुरुवातीला आम्हाला जाच वाटला पण नंतर एकदा भांडण झालं तेव्हा तोच कागद कामी आला.

आणि माणसं कुठून आणावी विचारलंत ना, संस्थांमधूनच आणा. सर्व्हर मला कळत नाही पण नवीन संस्थेला मेल कसं उघडायचं ते फोनवर समजावणं, स्क्रीनशॉट लावून मदतीची पानं लिहिणं, पहिला फोन घेणं हे मी करू शकते आणि करते. तुमच्याकडे येणाऱ्या फोनपैकी कितीतरी पासवर्ड विसरलो याचेच असतील, त्याला तांत्रिक माणूस कशाला लागतो? मागा तर खरं, आम्हाला कुणी विचारतच नाही.

जुना_मोडेम:

कार्यकर्ती ताईंशी शंभर टक्के सहमत. मी जरा मागचं सांगतो कारण तुम्ही जे करताय त्याला चांगला मोठा इतिहास आहे. १९८६ मधे अमेरिकेत क्लीव्हलंड फ्री-नेट सुरू झालं, केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात, सामान्य लोकांना मोडेमवरून मोफत मेल आणि माहिती, आणि ते बघून गावोगावी फ्री-नेट उभी राहिली. ते १९९९ मधे विद्यापीठाने बंद केलं. उलट कॅनडात ओटावाचं नॅशनल कॅपिटल फ्रीनेट त्याच काळातलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, ते अजून चालू आहे. ते सभासदांचं आहे, संचालक मंडळ सभासद निवडतात, आणि पुढे त्यांनी पैसे घेऊन ब्रॉडबँड जोडण्याही द्यायला सुरुवात केली. म्हणजे एका मोठ्या संस्थेच्या मर्जीवर राहिलेलं गेलं आणि वापरणाऱ्यांनी स्वतःचं मानलेलं टिकलं, निदान मी तरी त्यातून हेच घेतो. कॅटलोनियातलं गिफी-नेट घ्या, २००४ पासून लोकांनी स्वतः उभारलेलं वायरलेस जाळं, त्यांनीही पुढे रीतसर फाउंडेशन केलं.

म्हणून माझं म्हणणं की वर्गणी घ्या. पूर्ण मोफत ठेवू नका. कितीही कमी ठेवा, ज्यांना तेही जमत नाही त्यांना माफ करा, पण हिशोब दरवर्षी सगळ्या संस्थांसमोर मांडा. वर्गणी देणारी संस्था बैठकीला येते, प्रश्न विचारते, आणि त्यातूनच तुम्हाला तिसरा चौथा माणूस मिळतो.

डोमेनचं मात्र उद्यापासून करा, ते थांबू शकत नाही. डॉट ऑर्ग डॉट कॉमसारख्यांची मुदत संपली की बहुतेक ठिकाणी थोडी सवलत मिळते, रजिस्ट्रारप्रमाणे (डोमेन नोंदवणारी कंपनी) शून्य ते ४५ दिवस, मग ३० दिवस रिडेम्प्शनचे ज्यात दंड भरून परत घेता येतं, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि नंतर कुणीही घेऊ शकतं. देशांच्या डोमेनचे नियम वेगळे. मुदतीच्या आठवणीची मेल नोंदणीत ज्याचा पत्ता आहे त्यालाच जातात, आणि तो माणूस संस्था सोडून गेला असेल तर कुणालाच कळत नाही. प्रत्येक डोमेन संस्थेच्या नावावर, संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा नको (तोच बंद पडला तर मेल येणार कुठे), आणि मुदतीच्या तारखांची एक यादी तुमच्याकडे.

रात्रपाळी:

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. दोन माणसांत मेल चालवू नका. वेबसाइट, लिस्ट, नेक्स्टक्लाऊड ठेवा, पण मेलबॉक्स चांगल्या पैसे घेणाऱ्या सेवेकडे द्या. वेबसाइट चार तास बंद राहिली तर चालतं, मेल हरवलं तर चालत नाही. टपालपेटीने सांगितलेलं सगळं बरोबर आहे पण ते एकदा करून संपत नाही, कुठल्यातरी एका संस्थेचं वर्डप्रेस (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) कुणीतरी फोडतं, त्यातून हजारो स्पॅम जातात, आणि त्या आयपीवरच्या सगळ्या संस्था ब्लॅकलिस्ट होतात, मग आठवडाभर निस्तरत बसा. निदान वेब आणि मेल वेगळ्या मशीनवर करा आणि वेबच्या मशीनवरून बाहेर जाणारा पोर्ट २५ (मेल पाठवायची वाट) बंद करा.

दोघंच आहात तर चाव्यांचं काय केलंय? रजिस्ट्रारचं लॉगिन, होस्टिंगवाल्याचं बिल कुणाच्या कार्डवर, बॅकअपचा पासवर्ड, दोन टप्प्यांच्या लॉगिनचा कोड कुणाच्या फोनवर येतो, हे सगळं तिसऱ्या माणसाला मिळेल असं ठेवा. बंद पाकिटात विश्वासातल्या संस्थेकडे ठेवलं तरी चालेल. बॅकअप घेतो असं सगळे म्हणतात, तो रिकाम्या मशीनवर उतरवून वेबसाइट उठते का ते बघा, त्याशिवाय तो बॅकअप नाही. आणि लेट्स एन्क्रिप्टची वेबसाइट सुरक्षित ठेवणारी सर्टिफिकेट वापरत असाल तर मुदत संपत आल्याची मेल ते पाठवायचे ती जून २०२५ पासून बंद झालीय, आपापलं मॉनिटरिंग लावा.

टपालपेटी:

रात्रपाळी, बाकी सगळं मान्य पण मेलबॉक्स सरसकट द्या हे मला नाही पटत. त्या मारहाणीच्या केसेस बघणाऱ्या गटाचा विचार करा, तिथे कुणाचं मेल कुठे पडलंय हे माहीत असणं हीच खरी सेवा आहे. ज्यांची माहिती नाजूक आहे अशा थोड्या संस्थांचं मेल स्वतः नीट सांभाळा, बाकीच्यांना हलवा.

रात्रपाळी:

उलट आहे दादा. नाजूक माहिती आहे म्हणूनच ती अशा ठिकाणी पाहिजे जिथे रात्री तीनला सिक्युरिटी अपडेट लावायला कुणीतरी जागं आहे. विश्वास माणसावर असतो हे खरं, पण तो माणूस आजारी पडला तर? निर्णय त्या गटानेच घ्यावा, दोन्ही बाजू समोर ठेवून. आपण परस्पर ठरवू नये.

बिनतारी:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोघांनी बसून ठरवलंय. डोमेनची यादी या आठवड्यात करायची, जिथे जुन्या कार्यकर्त्याचं नाव आहे तिथे त्या माणसाला भेटून हस्तांतरण. फॉरवर्ड बंद. नवीन संस्था घेणं सध्या थांबवतोय, हे लिहिताना जड जातंय पण आहेत त्यांना नीट देणं आधी. कार्यकर्ती ताईंचं ऐकून सगळ्या संस्थांना पत्र लिहिलं की पहिला फोन घेणारी माणसं पाहिजेत, आणि खरंच तीन संस्थांमधून लोक पुढे आलेत. मेलबद्दल त्या गटाशी बोललो, त्यांनी विचार करून सांगितलं की बाहेरची सेवा चालेल पण सेटअप आणि पासवर्डचं काम आमच्याकडेच राहावं. बऱ्याच बाकीच्यांनाही हलवायचंय. प्रश्न एवढाच, हलवताना मधल्या काळात आलेलं मेल हरवू नये यासाठी काय करता तुम्ही?

रात्रपाळी:

एमएक्स रेकॉर्डचा (डोमेनचं मेल कुठे जायचं ते सांगणारी नोंद) टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची) दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणा. नव्या ठिकाणी सगळे मेलबॉक्स आधी उघडून ठेवा, एकही राहिला तर त्याचं मेल परत जाईल. जुनी मेल आयमॅपसिंकने (एका मेलबॉक्समधलं दुसऱ्यात नेणारं साधन) एकदा आधी उतरवा, मग एमएक्स बदला, आणि दुसऱ्या दिवशी परत एकदा चालवा, मधे जुन्या सर्व्हरवर पडलेलं सगळं तिकडे जाईल. जुना सर्व्हर दोन आठवडे चालूच ठेवा, काही पाठवणारे जुनं डीएनएस धरून बसतात. एसपीएफमधे नवीन सेवेचं नाव आधीच घाला, जुनं लगेच काढू नका. आणि हे शुक्रवारी संध्याकाळी करू नका, ज्या दिवशी दोघांपैकी एकाला तरी सुट्टी आहे अशा दिवशी सकाळी करा, एकावेळी एकच संस्था.

कार्यकर्ती:

आणि त्या संस्थेला आधी कळवा, गुरुवारी :) मदतीचं पान लिहायला हवं असेल तर मला मेसेज करा, आमच्याकडे फोनमधे नवीन मेल जोडायचं एक पान तयार आहे, नावं बदलून वापरा.

बिनतारी:

ताई, मेसेज केलाय.