एखादी बातमी डोक्यात घर करून राहिली, पुढे तिचं काय झालं? अनुभव लिहा

दुपारचा चहा:

आमच्याकडे सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत कांद्याच्या टोपलीत तळाला जातो. बहुतेक बातम्यांची लायकीही तेवढीच. पण मधूनच एखादी अशी निघते, की पेपर टोपलीत गेला तरी ती डोक्यातून जात नाही. स्वप्नात येते, भाजी चिरताना येते, आणि कधीतरी आपल्या हातून काहीतरी करून घेते. तसले अनुभव हवेत. राजकारणावरची भांडणं इथे नकोत, त्यांना जागा कमी नाही.

माझ्यापासून सुरुवात. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या रात्री स्वप्नात राजगडाची संजीवनी माची आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरली होती आणि सेक्रेटरी "स्टिकर कुठाय?" म्हणून तिच्याशी वाद घालत होते. हसून सोडून दिलं. पण दिवाळीत पोरांनी किल्ल्यासाठी माती आणली तेव्हा म्हटलं, प्रतापगड-शिवनेरी पुरे झाले, यंदा जिंजी. पहिला प्रश्न आला, "काकू, तो आपला कसा?" मग राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेषांतर करून तिथवर कसे पोचले, स्वराज्याचा कारभार तिथून कसा चालला, आणि तो एक किल्ला घ्यायला मोगलांना जवळपास आठ वर्षं कशी लागली, हे सांगत बसले.

जिंजीला तीन टेकड्या आणि त्यांना बांधून घेणारा तट. आमच्याकडे एक टेकडी धड उभी राहत नाही, तिथे तीन! शेवटी राजगिरीसाठी पायरीखालचा जुना पाटा उभा केला आणि त्यावर गोणपाट चिखलात बुडवून टाकलं. तट विटांच्या तुकड्यांचा. अळीव पेरले, ते फक्त कृष्णगिरीवर उगवले, तिसरी टेकडी टकलीच राहिली. येणारा प्रत्येक जण विचारत होता, "सिंहगड का?"

ब्रशवाला (कोल्हापूर):

पाट्या रंगवायचं काम करतो. फ्लेक्स आल्यापासून धंदा बसलाय. देवळं, ट्रकचे फाळके आणि हौशी लोकांची घराची नावं, एवढंच राहिलंय.

१ ऑगस्ट २०२४, पॅरिसला स्वप्नील कुसाळेची फायनल. कांबळवाडीचा पोरगा, म्हणजे आमच्या राधानगरीकडचा. दुकानात रंगाच्या डब्याला मोबाईल टेकवून बघितली. पन्नास मीटर रायफल, तीन पोझिशन. गुडघ्यावर, पालथं आणि शेवटी उभं राहून. उभ्यानं मारताना कॅमेरा जवळ गेला की दिसतं, छाती हलायची थांबते आणि मग बोट दाबतं. अर्धा श्वास सोडून तिथंच धरायचा. अहो, हे तर आमचं! वस्ताद शिकवताना म्हणायचे, "शिरोरेघ ओढताना श्वास घ्यायचा न्हाई, रेघ पोट काढती." पत्र्यावर इनॅमल पेंट, त्यात दुसरी संधी कुठली?

४५१.४ गुण, ब्राँझ. खाशाबा जाधवांच्या १९५२ नंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हा एका डेअरीची पाटी निम्मी झाली होती. 'दूध संकलन केंद्र' ची रेघ एका दमात ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी जाड. मालक म्हणाला, मशीनवर काढली काय?

स्वप्नबिप्न काही नाही, झोपच लागली नाही. उभा नेमबाज 'स्व' अक्षरात बसतो का ते वहीत बघत होतो. अजून बसलेला नाही. 'क' मध्ये बसेल असं वाटतंय.

शंकासुर:

थोडं पाणी ओततो. स्वप्नात सुचलं म्हणणारे हमखास जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेचं नाव घेतात. शेपूट गिळणारा साप दिसला आणि बेंझिनची रचना सुचली म्हणे. त्याचा निबंध १८६५ चा. ही गोष्ट त्यानं जाहीर सांगितली १८९० मध्ये, स्वतःच्याच सत्कारात. सत्काराला उभा राहिलेला माणूस काय सांगत नाही! पहाटेच्या स्वप्नांचंही तेच. स्वप्नं ज्या झोपेत जास्त पडतात तिचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात, त्यात जाग आली की स्वप्न लक्षात राहतं. खरं होतं म्हणून नव्हे.

किल्ला मात्र झकास.

म्युनिकची मावशी:

शंकासुर, मान्य. तरी माझं ऐकाच. २३ ऑगस्ट २०२३, भारतात संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं, इथे दुपारचे अडीच. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चांद्रयान-३ लावलं होतं. तीस किलोमीटर उंचीवर वेग ताशी सहा हजार किलोमीटर, आणि तिथून उतरताना सगळे निर्णय यान स्वतःच घेणार, बंगळूरहून कुणी ब्रेक दाबायचा नाही. चांद्रयान-२ कोसळलं ती २०१९ ची रात्र आठवत असल्यानं मी स्क्रीनकडे बघतच नव्हते, बघणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होते.

रात्री स्वप्न पडलं. विक्रम लँडर नागपुरातल्या माझ्या शाळेच्या मैदानावर उतरतोय आणि फाटकावर शिपाईकाका उभे. "बोनाफाईड आणलं का? नाही? मंग बाहेर उतरव."

याचं मी आमच्या रविवारच्या मराठी वर्गात नाटुकलं केलं. इथे वाढलेल्या मुलांना बोनाफाईड समजावताना माझीच दमछाक झाली. प्रज्ञान रोव्हर झालेला चिमुरडा उतारावरून खाली येईना. प्रेक्षकांत आजी दिसली की पुन्हा वर. शेवटी शिपाईकाकांनीच त्याला उचलून चंद्रावर ठेवला.

माळवद:

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटेचे चार वाजायला आले होते. गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब, आमच्या भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली. बाकीच्यांचं पेपरात वाचलं. मृतांचा आकडा दहा हजारांच्या आसपास गेला, बावन्न गावं उठवून दुसरीकडे वसवावी लागली.

आमच्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर लाकडावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर मातीचा थर टाकायचा. थरावर थर, वजन वाढत जायचं. उन्हाळ्यात घर गार राहायचं, त्याचं कौतुकही होतं. ते सगळं वजन झोपलेल्यांवर आलं.

मला स्वप्नात अजून आवाजच येतो, दिसत काही नाही.

आता शाळेत शिकवतो. दरवर्षी पोरांकडून चिकणमातीच्या बोटभर विटांची दोन घरं बांधून घेतो. एकाला दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींभोवती तारेची पट्टी, दुसऱ्याला नाही. दोन्ही ट्रेमध्ये ठेवायची, ट्रेखाली गोट्या. ट्रे हलवला की बिनपट्टीचं घर आधी कोपऱ्यात उकलतं, मग भिंत बाहेर पडते. पोरं टाळ्या वाजवतात. वाजवू देतो. नंतर कुणीतरी विचारतंच, "सर, आमच्या घराला पट्टी आहे का?" ज्यानं विचारलं त्याच्या घरी संध्याकाळी जाऊन बघून येतो.

हळदीची वाट (सांगली):

छोटंसंच. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला. स्मृती आमच्या गावची, त्यामुळे गल्ली जागीच. सासूबाई दहालाच झोपल्या होत्या, फटाक्यांनी उठल्या. सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेंगा फोडता फोडता म्हणाल्या:

पहिली माझी ओवी गं हरमनच्या हाताला
शेवटचा झेल जिनं धरिला मध्यरातीला

जातं घरातून गेलं त्याला जमाना झाला, ओव्या कुठे दडून होत्या कोण जाणे. बाकीच्या मी वहीत उतरवल्यात. एकीत दीप्तीच्या पाच विकेट आहेत, पण 'विकेट' ओवीत बसेना म्हणून त्यांनी 'पाच गडी' केलं.

लोकरवाली (चंद्रपूर):

मी पेपरात एकच बातमी वाचते, कमाल तापमान. रोज क्रोशाची एक ओळ, रंग तापमानाप्रमाणे. पंचवीसच्या आत निळा, मग पोपटी, पिवळा, केशरी, लाल, आणि चव्वेचाळीसच्या वर मरून. वर्षाची शाल होते. आमच्या गावाची ख्याती सगळ्यांना माहीतच आहे, त्यामुळे निळा पट्टा चिंचोळा आणि मे महिना जाडजूड. पावसाळ्यात रंग असे उड्या मारतात की पाऊस कुठे पडला, कुठे दडला, ते बोटानं दाखवता येतं.

यंदा मरून लोकर मध्येच संपली. दुकानदार म्हणाला, "ताई, हा रंग मी फक्त तुमच्यासाठी मागवतो. चंद्रपुरात स्वेटर घालतंय कोण?"

दुपारचा चहा:

लोकरवाली, शालीचा फोटो टाकाच. सांगलीकर, बाकीच्या ओव्याही. आणि शंकासुर, दुसऱ्यांवर पाणी ओतून झालं असेल तर स्वतःचंही लिहा.

शंकासुर:

लिहितो. पण त्यात साप आहे.