परसात पाच कोंबड्या: सोलापूरच्या उन्हात आणि काळ्या मातीत कसं जमवायचं?

जुळे_सोलापूर_परसबाग

घरामागे २० बाय १५ फूट जागा आहे. जमीन काळी. लिंबू, कढीपत्ता, शेवगा आणि वांगी-टोमॅटोचे दोन वाफे. अंड्यांसाठी आणि खतासाठी पाच गावरान कोंबड्या आणायच्या आहेत. मे महिन्यात त्या तगतील का? बाग उकरून ठेवतील का? वासाचं काय? आणि कोंबडा लागतोच का?

खुराडेवाला

कोंबडा नको. त्याच्याशिवायही अंडी मिळतात, फक्त ती उबत नाहीत. पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी वाकडं कशाला?

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, ही जमेची बाजू, कारण ओलं गोणपाट इथे खरंच गारवा देतं. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आत शिरत नाही. पत्र्यावर सहा इंच कडबा किंवा उसाचं पाचट टाकून दोरीने आवळा. दुपारी पश्चिमेच्या जाळीवर ओलं गोणपाट सोडा, पण बाकीच्या बाजू उघड्या हव्यात. कोंबडीला घाम येत नाही. मुख्यतः चोच उघडून धापा टाकून ती अंग थंड करते. चारी बाजूंनी ओली पोती लावून वारा कोंडला की आत दमट होतं, धापेचा उपयोग राहत नाही आणि ती पटकन दगावते. उन्हाळ्यात मेलेल्या कोंबड्यांमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

खाणं पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, ११ ते ४ उचलून ठेवा. पचनानेही अंगात उष्णता वाढते. एरवी एका कोंबडीला दिवसाला पाव लिटर पाणी पुरतं, मेमध्ये दुप्पट धरा. मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत ठेवा आणि दुपारी एकदा बदला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या वेळी चटके देतं, म्हणून पिंपात वेगळं भरून ठेवा.

पाच जणींना ४ बाय ३ फुटांचं खुराडं पुरे, जमिनीपासून दीड फूट उंच. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. षटकोनी कोंबडीजाळी मुंगूस फाडतं आणि तिच्यातून घूसही घुसते. बसायला दोन इंच जाडीचा गोल दांडा, प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा मिळेल एवढा. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद-उंच असा एक खोका, कोपऱ्यात, अंधारा. लाकडाच्या फटी चुन्याने बुजवा. गोचीड दिवसा तिथेच दडते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडते. शंका आली तर रात्री दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन दांड्याची खालची बाजू पाहा.

शेंदरी_बलक

खाण्याबद्दल थोडं. रोज प्रत्येकी ११० ग्रॅमच्या आसपास. नुसत्या ज्वारीवर ठेवलं तर अंडी कमी आणि कवच पापडासारखं पातळ. निम्मं लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), निम्मं ज्वारी-मका-कणी असं द्या. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढा त्या स्वतः खातात. पण अंड्यावर न आलेल्या तलंगांना तो देऊ नका, जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे सहज मिळते, पण तिला बुरशीचा वास असेल तर फेकून द्या. ते विष उन्हात वाळवून किंवा भाजून पुरतं जात नाही.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. आठव्या आठवड्याची लस झालेल्या तलंगाच घ्या, पुढच्या मात्रेचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

मेथी-शेपूचे देठ, शेवग्याचा पाला रोज मिळाला की बलक शेंदरी होतो. सकाळचं कोमट अंडं हातात घेण्याचं सुख वेगळंच, आणि दुपारी राखेत पंख पसरून लोळणाऱ्या कोंबड्या बघत बसावं असं वाटतं. कोरडी माती आणि चुलीची राख घमेल्यात ठेवाच. उवांचा त्रास त्यानेच आटोक्यात राहतो.

काळी_माती

बागेचा फायदा कोंबडी कुठे आणि केव्हा सोडता यावर आहे. वाढत्या भाजीत सोडली तर एका सकाळीत वाफा सपाट. वांगी-टोमॅटो उपटून झाल्यावर रिकामा वाफा उंच जाळीने घेरा आणि पाचही जणींना आठवडाभर त्यात ठेवा. हुमणीच्या (मुळं खाणाऱ्या भुंग्याच्या) अळ्या, नाकतोड्यांची अंडी, तणांचं बी, सगळं वेचून खातात. गांडुळंही खातात, म्हणून त्याहून जास्त दिवस नको. नंतर पाला पसरून आठ-पंधरा दिवस वाफ्याला विश्रांती द्या.

वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगे संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. खाली कापड अंथरून फांद्या हलवा आणि सकाळी भुंगे कोंबड्यांपुढे टाका. मिटक्या मारत खातात, शिवाय त्या भुंग्यांची अंडी जमिनीत जायची वाचतात.

लिंबाच्या आळ्यात खोडाभोवती विटांचे तुकडे रचा, नाहीतर मुळं उघडी पडतील. एरवी मावळतीआधी तासभर सोडा. उकरायला वेळ कमी मिळतो आणि अंधार पडू लागला की आपणहून खुराड्यात जातात. पावसात काळ्या मातीत मुळीच नको, बोटांना चिखलाचे गोळे चिकटून वाळतात आणि त्या लंगडतात.

जुळे_सोलापूर_परसबाग

सगळ्यांचे आभार. विष्ठा थेट झाडांना घातली तर? आणि अंड्याची टरफलं मातीत टाकू का?

काळी_माती

थेट नको, ताजं कोंबडखत मुळं जाळतं. खुराड्यात चार इंच तुरीचं भुसकट किंवा लाकडाचा भुसा टाका, दोन-तीन दिवसांनी काठीने उलथा. कोरडं राहिलं की वास येत नाही. वास आलाच तर समजा पाणी सांडतंय. त्यावर चुना टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडतं आणि वास आणखी वाढतो.

पाच कोंबड्यांची ओली विष्ठा रोज अर्ध्या किलोच्या पुढे भरते. भुसकटासकट ती काढून दुप्पट-तिप्पट वाळल्या पाल्यात मिसळा आणि सावलीत ढीग करा. मूठ आवळली की हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आपल्या हवेत ढीग वाळतो आणि कुजणं थांबतं, म्हणून वर ओलं पोतं हवंच. दहा दिवसांनी एकदा उलथा, अडीच-तीन महिन्यांत खत मातकट वासाचं होतं. ते लिंबाला पावसाळ्याआधी दोन किलो, वाफ्याला चौरस मीटरला एक किलो. कच्च्या खायच्या कोथिंबीर-मुळ्याला मात्र अर्धवट कुजलेलं कधीच घालू नका, पोटाचे आजार होतात. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर मात्रा निम्मी करा, कारण या खतातही क्षार असतात.

टरफलं बागेत नकोत. इथली काळी जमीन मुळातच चुनखडीची, तिला आणखी चुना कशाला? तव्यावर कोरडी भाजा, बारीक चुरा करा आणि शिंपल्याच्या वाटीत टाका. ओबडधोबड तुकडे ठेवलेत तर कोंबड्यांना स्वतःची अंडी फोडून खायची सवय लागते.