सपोर्टमध्ये चार वर्षं झाली, नोकरी बदलू का?

ऐरोली_लोकल: चार वर्षं एका जुन्या बिलिंग सिस्टिमच्या सपोर्टवर आहे. कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा, ओरॅकल डेटाबेस, रात्री आपोआप चालणारे बॅच जॉब. बरोबरीचे सगळे क्लाउडवर गेले, मी अजून तिकिटंच, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीच, बंद करतेय. आई म्हणते टिकून राहा. यात पुढे काही आहे का?

घंटाळी_काका: मी १९९८ ला महाप्यात लागलो. ठाण्याहून बसने जायचो, ठाणे-वाशी लोकल २००४ साली आली. पहिलंच काम वायटूकेचं, म्हणजे २००० साल लागल्यावर जुने प्रोग्रॅम तारखांत गोंधळू नयेत म्हणून ते दुरुस्त करायचं. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकडी, कारण तेव्हा मेमरी महाग. त्यावर तोड म्हणजे ५० च्या खालचं साल २००० पासून पुढचं धरायचं, बाकी १९०० चं. दिवसभर दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायचा. एका प्रोग्रॅममध्ये शंभराने भाग जाणारं साल लीप नाही एवढंच लिहिलेलं, चारशेचा नियम राहिला होता. म्हणजे २९ फेब्रुवारी २००० ही तारीखच त्याने घेतली नसती. अशा वाचनातूनच मला व्याज, बिल, थकबाकी कळली.

पण खरा धडा मिळाला २६ जुलै २००५ च्या पावसात. एका क्लायंटची सर्व्हर रूम तळमजल्यावर, कमरेएवढं पाणी. बॅकअप होता. सोम, मंगळ, बुध अशी लेबलं लावलेल्या टेप वरच्या मजल्यावर कोरड्या. लावल्या तर एकही वाचता येईना. ड्राइव्हचं हेड कधीपासून खराब होतं देव जाणे. लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिम स्वतः करते त्या नोंदीत, मात्र रोज रात्री 'सक्सेसफुल'. आम्ही लॉग वाचून सही करायचो, रिस्टोर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत चढवणं, कुणीच करून पाहिला नव्हता. त्यात मीही होतो. तीन आठवडे ओली चलनं पंख्याखाली वाळवून नोंदी पुन्हा भरल्या. तिथल्या अकाउंट्सच्या बाई रोज नऊपर्यंत थांबायच्या. त्यांच्याकडे बघवत नसे.

म्हणून तुला विचारतो, कोड उघडून बघायला मिळतो का? रिस्टोर करायला मिळतो का? मिळत असेल तर जागा चांगली आहे. नुसती तिकिटं इकडून तिकडे ढकलायची असतील तर सोड.

खारघर_नाइटशिफ्ट: काकांचं पटतं, पण पगाराचंही बोला. मी नऊ वर्षं सपोर्टला काढली. सिस्टिम बंद पडली नाही की अप्रेझलला दाखवायला काही नसतं. मॅनेजरकडे डेव्हलपमेंटचं काम मेलवर माग, तोंडी नको. सहा महिन्यांत नाही मिळालं तर बाहेर बघ.

ऐरोली_लोकल: कोड दिसतो. आज लीडना विचारलं, शेवटचा रिस्टोर कधी केला होता? त्यांना आठवेना. शनिवारी टेस्ट सर्व्हरवर करून बघायची परवानगी मिळाली. डेव्हलपमेंटसाठी मेलही टाकला. काका, रिस्टोर झाल्यावर आधी काय तपासू?

घंटाळी_काका: रेकॉर्ड किती आले ते, शेवटचा बिल नंबर आणि थकबाकीची बेरीज. तिन्ही बॅकअपच्या रात्रीच्या रिपोर्टशी ताडून बघ. मग एखादं जुनं बिल पुन्हा काढ, पैशापर्यंत जुळलं पाहिजे. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहून ठेव. किती तास लागले, हे पहिल्यांदाच कुणाला तरी कळेल.