मदत हवी आहे: फ्री नाईटवर राहिलं की गोल्ड मेंबरशिप मोजत नाहीत का?

साचेवाला

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटी बघतो. कास्टिंगबद्दल कायपण विचारा, पण हॉटेलच्या पॉइंटांचं गणित माझ्या डोक्यावरून जातंय. म्हणून हा धागा.

आमची गिऱ्हाईकं चाकणला आणि चेन्नईला. रिजेक्शनचा मेल आला की बॅग भरायची आणि सुटायचं. कंपनी मॅरियटच्या हॉटेलांत ठेवते. गेल्या वर्षी कार्डावर आयत्या मिळणाऱ्या 10 धरून 31 रात्री झाल्या आणि ॲपवर 'गोल्ड एलिट' झळकलं. कार्ड म्हणजे एचडीएफसीचं मॅरियट बॉनव्हॉय. त्याची एक फ्री नाईट, म्हणजे 15,000 पॉइंटांपर्यंत भाव असलेल्या खोलीत एक रात्र फुकट, पडून आहे. खात्यात वेगळे 62,000 पॉइंट आहेत.

डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतात. बाबा एसटीतून रिटायर झालेत. हॉटेलात राहणं म्हणजे त्यांच्या लेखी पैशाचा चुराडा. "फुकट आहे" म्हटल्यावरच गोव्याला यायला तयार झालेत. मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि ते दोघं, म्हणजे दोन खोल्या, दोन रात्री.

आता अडचण. एप्रिलमध्ये आम्ही तिघं पुण्यात पॉइंटांवर एक रात्र राहिलो. आदल्या रात्री मी बायकोला सांगून ठेवलं होतं, आपण गोल्ड आहे, सकाळी निवांत नाश्ता करायचा, कामावर गेलो की मी करतोच. सकाळी मी डोसा घेतला, तिनं ऑम्लेट, पोरानं तर तीन वॅफल हाणले. उठायच्या वेळी तिथला मुलगा फार अदबीनं म्हणाला, "सर, तुमच्या बुकिंगमध्ये ब्रेकफास्ट नाहीये," आणि बिल समोर ठेवलं. भरलं. तो आपलं कामच करत होता, त्याच्यावर राग नाही, हॉटेलचं नावही लिहीत नाही. पण बायको कोल्हापूर येईपर्यंत मला 'गोल्डशेठ' म्हणत होती.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे, की फुकट राहणाऱ्याला हे लोक मेंबर म्हणून मोजतच नाहीत. तसं असेल तर गोव्यात आई-बाबांसमोर तीच फजिती नको. शिवाय खोल्या दोन्ही माझ्या नावावर असतील तर माझे फायदे दोन्ही खोल्यांना लागतात का? डिसेंबरात डिस्पॅचच्या गडबडीत माझी रजाच रद्द झाली आणि फक्त आई-बाबांना पाठवावं लागलं, तर त्यांना काही मिळेल का? आणि अशा फुकटच्या रात्री पुढच्या वर्षीच्या हिशोबात धरतात का?

जाणकारांनी सांगा. लिंका टाकू नका, इंग्रजी अटी मी तीन वेळा वाचल्यात आणि तीन वेळा झोपलोय.

रंकाळा_चौपाटी

एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा भावा, आई-बाबांना घेऊन ये चौपाटीवर. भेळ माझ्याकडून. गोल्ड, सिल्वर, पत्रा, सगळ्यांना सारखीच.

दोन_बॅगा

साचेवाला, तुमचं निदान चुकलंय. फ्री नाईटवर राहिलात म्हणून नाश्ता गेला नाही. मॅरियटमध्ये पॉइंटांवरची किंवा फ्री नाईटची रात्र ही पैशाच्या रात्रीसारखीच धरतात. जो दर्जा आहे त्याचे फायदे लागू होतात, आणि ती रात्र वर्षाच्या हिशोबातही जमा होते. खोलीच्या भाड्यावर नवे पॉइंट मिळत नाहीत, कारण भाडंच दिलेलं नसतं. पण जेवण वगैरे खोलीच्या बिलावर टाकलंत तर त्याचे मिळतात.

खरी गोम अशी की मॅरियटच्या गोल्डला नाश्ता कधीच नसतो. गोल्डला काय मिळतं, तर 25 टक्के जादा पॉइंट, शक्य असेल तर जरा बरी खोली, शक्य असेल तर दुपारी 2 पर्यंत चेकआउट, आणि आल्याबद्दल थोडे पॉइंट. संपलं. नाश्ता आणि लाउंज (मेंबरांची चहा-फराळाची खास खोली) प्लॅटिनमपासून, म्हणजे वर्षाला 50 रात्री.

मग चाकणला रोज नाश्ता कसा मिळत होता? कंपनीच्या बुकिंगचा एखादा जुना मेल काढा आणि दराच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा.

साचेवाला

काढला. मार्चचा आहे. दरापुढे लिहिलंय 'ब्रेकफास्ट इन्क्लुडेड'.

म्हणजे दोन वर्षं कंपनीचा नाश्ता खाऊन मी स्वतःला गोल्ड समजत होतो. बायकोला हे सांगणार नाही.

दोन_बॅगा

यात लाजायचं काही नाही, निम्म्या लोकांचा हाच घोळ असतो. आपल्याकडे कंपन्यांच्या ठरलेल्या दरात नाश्ता बहुतेक वेळा धरलेलाच असतो. पॉइंटांवर घेतलेली खोली मात्र नुसती खोली. त्यामुळे फरक एकदम फ्री नाईटलाच दिसतो, आणि माणूस म्हणतो फुकट्याला विचारत नाहीत.

मुक्काम_पोस्ट_पुणे

मी गेली चार वर्षं प्लॅटिनम आहे, ऑडिटच्या कामामुळे. बऱ्याच वेळा फ्री नाईटवर राहिले, आणि प्लॅटिनमचं सगळं तसंच मिळालं. पण त्या 'सगळं'ला कंगोरे आहेत, म्हणून साचेवालादादांसाठी लिहिते. उद्या प्लॅटिनम झालात तर गोल्डशेठचे प्लॅटिनमशेठ व्हायला नकोत.

एक तर ब्रँड बघावा लागतो. एकाच ग्रुपची हॉटेलं असली तरी सगळीकडे एकच नियम नाही. पुण्यातलंच बघा. जेडब्ल्यू मॅरियटला प्लॅटिनमला लाउंज आहे, आणि त्याच ग्रुपच्या रिट्झ-कार्लटनला प्लॅटिनम काय, त्याच्या वरच्या टायटेनियमलासुद्धा दर्जावर ना नाश्ता ना लाउंज. माझ्या सासूबाईंना मी तिथे घेऊन जाणार होते ते "सगळं फ्री असतं" अशा भरवशावर. बरं झालं आधी वाचलं.

दुसरं, नाश्ता किंवा लाउंज मेंबर आणि सोबतचा एक पाहुणा, एवढ्यापुरताच. तिसरं माणूस, मग ते पोर का असेना, हॉटेलच्या मर्जीवर. काही ठिकाणी लहान मुलाचे पैसे घेत नाहीत, काही ठिकाणी अर्धे घेतात. आधी एक मेल टाकून विचारायचं आणि उत्तर फोनमध्ये ठेवायचं. टेबलावर बसल्यावर विचारू नये, तेव्हा वॅफल पोटात गेलेले असतात!

आता दुसऱ्या खोलीचं. तुम्ही स्वतः एका खोलीत राहत असाल आणि पैसे तुम्हीच भरत असाल, तर तीन खोल्यांपर्यंत पॉइंट तुमच्या खात्यात येतात. दर्जाचे फायदे मात्र तुम्ही झोपता त्या खोलीलाच. रात्रीसुद्धा एकाच खोलीची जमा होते. बाबांच्या खोलीला मोठी खोली दिली, उशिरा चेकआउट दिला, तर तो चांगुलपणा, हक्क नाही.

आणि तुम्ही गेलाच नाहीत तर पॉइंटांवर आई-बाबांच्या नावे खोली घेता येते, ते अडत नाही. पण गोल्ड त्यांच्यासोबत जात नाही. दर्जा माणसाला असतो, पॉइंटांना नसतो. तशी वेळ आली तर ॲपवर तुमच्या नावाने बुक करून त्यांना पाठवू नका. कस्टमर केअरला फोन करून पाहुण्याचं नाव घालून घ्या. चेक-इनला आधार कार्ड त्यांचं आणि बुकिंगवर नाव तुमचं, असं झालं तर दोघं म्हातारी माणसं काउंटरवर ताटकळतील.

चहा_कमी_साखर

गोल्ड गोल्डमध्ये पण फरक आहे. प्रत्येक हॉटेल-चेनचं वेगळं. हिल्टनच्या गोल्डला भारतात नाश्ता मिळतो, मेंबर आणि त्याच खोलीतला एक पाहुणा. पॉइंटांवर राहिलं तरी मिळतो. आयएचजीत (हॉलिडे इनवाले) नाश्त्यासाठी डायमंड लागतं, हयातमध्ये ग्लोबलिस्ट, म्हणजे वर्षाला 60 रात्री. नावं सगळ्यांनी सोन्या-हिऱ्याची ठेवलीत, पण गुजरीत सराफाला कॅरेट विचारतो तसं इथं पण विचारूनच घ्यावं.

फुकटच्या रात्रीला उलट जास्त फायदा देणारेही आहेत. अमेरिकेत खोलीच्या भाड्यावर रोजची 'रिसॉर्ट फी' वेगळी लावतात. हिल्टन आणि हयात पूर्णपणे पॉइंटांवर राहणाऱ्याकडून ती घेत नाहीत. मॅरियटमध्ये ती हॉटेलला लावता येते. गोव्याच्या ट्रिपला याचा उपयोग नाही, भाचा तिकडे असतो म्हणून माहिती.

रंकाळा_चौपाटी

व्हय, पण मला एक सांगा. माणूस फुकट राहतोय तर हॉटेलवाला त्याला चांगली खोली का देईल? मी हॉटेलवाला असतो तर जिन्याखालची दिली असती.

फ्रंटडेस्क_माजी

मी गडहिंग्लजचा, गोव्यात सहा वर्षं फ्रंट ऑफिसला काढली. चौपाटीवाल्यांच्या प्रश्नाला उत्तर देतो.

पाहुण्याला फुकट असतं, हॉटेलला फुकट नसतं. पॉइंटांवर आलेल्या प्रत्येक रात्रीचे पैसे मॅरियटसारखी चेन त्या हॉटेलला देते. हॉटेल बरंच रिकामं असेल तर थोडे, जवळजवळ भरलेलं असेल तर त्या दिवशीच्या नेहमीच्या भाड्याच्या आसपास. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला "आला फुकट्या" असं वाटायचं कारण नाही. आम्हाला स्क्रीनवर दिसायचं नाव, दर्जा, किती रात्री आणि दराच्या जागी रिडेम्प्शनचा, म्हणजे पॉइंट वापरल्याचा, कोड. खोल्या वाटताना आम्ही दर्जाच्या क्रमानं खाली यायचो, कोड कुठला ते कोण बघत बसतंय.

जिन्याखालची खोली मिळते ती बाहेरच्या वेबसाईटवरून बुक करणाऱ्याला. गंमत सोडा, पण त्या बुकिंगवर तुम्ही मेंबर असूनही ना फायदे, ना पॉइंट, ना रात्र. मेंबर नंबर दाखवून भांडणारे रोज यायचे.

साचेवाला, दोन गोष्टी करा. दोन खोल्या वेगवेगळ्या बुकिंगमध्ये असतील तर आठवडाभर आधी हॉटेलला मेल करा की दोन्ही एकाच कुटुंबाच्या आहेत, जवळजवळ द्या, वयस्कर माणसं आहेत, लिफ्टजवळ असली तर बरं. आणि लग्नाचा 50वा वाढदिवस आहे हे लिहा, लाजू नका. मेंबरशिपमुळे जे मिळत नाही ते कधीकधी अशा एका ओळीवर मिळतं. आम्ही केक पाठवायचो. केक मिळेलच असं मात्र घरी सांगून ठेवू नका, तुमचा आधीचा अनुभव बघता.

चेक-इनला सकाळी 10 ला जाऊन उभे राहू नका. आदले पाहुणे निघाल्याशिवाय वरची खोली मोकळी होत नाही. दुपारी या, हसून विचारा.

दोन_बॅगा

माझा हिशोब सांगू का? दोन्ही खोल्या पॉइंटांवर घ्यायचा हट्ट सोडा. तुमची खोली एक रात्र फ्री नाईटवर आणि एक रात्र पॉइंटांवर. फ्री नाईट 15,000 ची असली तरी स्वतःचे आणखी काही पॉइंट वर घालता येतात, त्यामुळे जरा जास्त भावाचं हॉटेलही चालतं. पॉइंटांचे भाव रोज हलतात, मधल्या वारी बघा, शनिवार टाळा. आई-बाबांची खोली सरळ नाश्त्यासकट दरानं पैसे देऊन घ्या, तुमचाच मेंबर नंबर लावून. त्या खोलीचे पॉइंट तुम्हाला येतील आणि ते दोघं सकाळी राजासारखे जाऊन बसतील. कुणी बिल आणणार नाही.

मुक्काम_पोस्ट_पुणे

हे पटलं. फक्त बुकिंग करताना 'मेंबर रेट' आणि नाश्त्याचा रेट दोन्ही उघडून बघा. कधी फरक इतका कमी असतो की विचारच करायचा नाही, कधी मात्र दोघांच्या नाश्त्याला घरचा आठवड्याचा बाजार येईल एवढा.

साचेवाला

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून करून टाकलं. मंगळवार-बुधवार, आमची खोली फ्री नाईट आणि पॉइंटांवर, आई-बाबांची पैसे देऊन, नाश्त्यासकट. फ्रंटडेस्कदादांनी सांगितलं तसा मेल पण टाकला, लिफ्टचं आणि 50 वर्षांचं लिहून. आम्ही तिघं सकाळी बाहेर पडून पणजीत भाजी-पाव खाणार, पोराला वॅफल बंद.

बाबांना खोलीचे पैसे भरलेत हे सांगितलेलं नाही. ते आईला म्हणताना ऐकलं, "पोरगं गोल्ड झालंय, आपल्याला सगळं फुकट आहे." आईचा भरवसा नसावा, तिनं चिवडा आणि भडंगाचे दोन डबे काढून ठेवलेत.

एक शेवटचं. आईला घाटात त्रास होतो. आजऱ्यावरून आंबोली उतरू की फोंडा घाटानं जाऊ?

फ्रंटडेस्क_माजी

आंबोलीनं या. आजऱ्यात चहाला थांबा, आईंना पुढच्या सीटवर बसवा, आणि घाट उतरेपर्यंत तो भडंगाचा डबा उघडू देऊ नका.