अर्बियम दुप्पट म्हणजे उजेड दुप्पट? तसं नाहीये

एकाने विचारलंय की काचेत अर्बियम (लेझरने उत्तेजित केल्यावर प्रकाश देणारा एक धातू) दुप्पट घातलं तर प्रकाशही दुप्पट मिळेल ना. नाही मिळत, आणि खरी गंमत तिथेच आहे. अर्बियमचे आयन (विद्युतभारित अणू) फार जवळजवळ आले की एक दुसऱ्याला ऊर्जा देऊन टाकतो, ती अशी हातोहात फिरत शेवटी उष्णता होते नाहीतर काचेत राहून गेलेले ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट ती गिळतात, बाहेर प्रकाश कमीच. त्यात शुद्ध सिलिकात (फायबर ज्या काचेची बनते तिच्यात) हे आयन नीट मावत नाहीत, घोळका करून बसतात, म्हणून फायबर बनवताना सोबत अ‍ॅल्युमिनियम टाकतात, मग ते जरा पांगतात.

बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी काच बदलली तरी फारशी हलत नाही, कारण तो प्रकाश देणारे ४एफ इलेक्ट्रॉन बाहेरच्या ५एस-५पी कवचांच्या आड असतात. पण आयन किती वेळ उत्तेजित राहणार यात काचेचा मोठा हात असतो. सिलिकात अर्बियमची १५५० नॅनोमीटरवाली पातळी साधारण १० मिलिसेकंद टिकते, अणूंच्या हिशोबात हा प्रचंड वेळ झाला, म्हणून तर ९८० नॅनोमीटरच्या लेझरने पंप करून (म्हणजे आयनांना ऊर्जा पुरवून) समुद्राखालच्या केबलमधला सिग्नल प्रकाश असतानाच वाढवता येतो (अर्बियम फायबरने सिग्नल वाढवण्याचं पहिलं काम १९८७ चं, इंग्लंडचं साउथहॅम्प्टन विद्यापीठ आणि अमेरिकेची बेल लॅब्स).

आणि पंप लावल्यावर फायबर हिरवी चमकते ना, ते अपकन्व्हर्जन, दोन फोटॉनची ऊर्जा एकाच आयनात जमा होते. फ्लुओराइड काचेत ते अजून झकास दिसतं, तिथे ऊर्जा कंपनांमध्ये कमी वाया जाते.